संवाद प्रदर्शन : कामाच्या नोंदी

२ जून

आजपासून आम्ही दोघं कामाला लागलो. आठ मेजांचं फिरतं प्रदर्शन करायचं आहे. माणसं, प्राणी, झाडं एकमेकांना काय कळवतात आणि कसं, हा विषय. प्रत्येक मेजावर वाचायला थोडं आणि हाताने करून बघायला काहीतरी हवंच. मजकूर आणि मांडणी माझ्याकडे, मेजं आणि यंत्रं सहकाऱ्याकडे. तो जन्मापासून बहिरा आहे. आमचं बोलणं निम्मं लिहून, निम्मं खुणांनी चालतं. माझ्या खुणा अजून कच्च्या आहेत.

वहीच्या पहिल्या पानावर प्रदर्शनाचं कामचलाऊ नाव लिहिलं: 'कोण कसं बोलतं?'

मजकुराला हात घालण्याआधी दोन शब्द वेगळे करून ठेवले, नाहीतर पुढे गोंधळ होणार. रेशीमकिड्याची मादी पतंग गंध सोडते, तो नराने यावं म्हणूनच. पिढ्यान्‌पिढ्या तो गंध त्याच कामासाठी घडत आला आहे. हा संकेत. आपण श्वास सोडतो आणि त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत डास येतो. डासाला बोलवायला कोणी श्वास सोडत नाही. हा सुगावा. ऐकणाऱ्याला माहिती दोन्हींतून मिळते, पण देणाऱ्याच्या बाजूने दोन्हींत मोठा फरक आहे. प्रत्येक मेजावर हा एक प्रश्न ठेवायचा: संकेत की सुगावा?

५ जून

मेज १, मुंग्या. सकाळी खिडकीच्या चौकटीवर पांढरा कागद पसरला, साखरेचे चार दाणे ठेवले आणि भिंग घेऊन बसले. एक मुंगी भटकत आली, दाण्यापाशी थबकली, घुटमळली आणि मागे वळली. परतताना ती पोटाचं टोक मधूनमधून कागदाला टेकवत होती. भिंगाशिवाय हे दिसलंच नसतं. अर्ध्या तासात रांग लागली.

मग ओलं बोट रांगेवरून आडवं फिरवलं. बोटाच्या रुंदीचा पट्टा पुसला गेला. पहिली मुंगी पट्ट्याच्या कडेला अशी थांबली की जणू पुढे जमीनच संपली. मागची तिच्यावर आदळली. दोघींनी स्पर्शिका एकमेकींना लावल्या, मग कागदाला, मग हवेत फिरवल्या. दोन्ही कडांना मिळून एकोणीस मुंग्या तटलेल्या मोजल्या. शेवटी एक जण नागमोडी चालत पलीकडे पोचली आणि तिच्या वाटेने दुसरी. चार मिनिटांत रांग जुळली, पण जुन्या रेषेवर नाही. पुसलेल्या जागी तिला हलकासा बाक आला होता. संध्याकाळी बघितलं तेव्हाही बाक तसाच होता. एकीचं चाचपडणं सगळ्यांचा रस्ता होऊन बसलं होतं.

मेजावर हेच आणायचं. खऱ्या मुंग्या गावोगाव नेता येणार नाहीत. त्याऐवजी लांब कागदावर सुगंधी तेलाचे ठिपके, मध्ये एक खंड, आणि डोळे बांधून नाकाने माग काढायचा.

फलकावर दुसरी गोष्ट ई. ओ. विल्सन यांच्या १९५८ सालच्या कामाची. मेलेली मुंगी काही काळ वारुळात तशीच पडून राहते आणि मग बाकीच्या तिला उचलून कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकतात. कुजताना तयार होणारं ओलेइक आम्ल हे त्याचं कारण. विल्सन आणि सहकाऱ्यांनी हे आम्ल जिवंत मुंग्यांना लावलं. पाय झाडत धडपडणाऱ्या त्या मुंग्यांना बाकीच्यांनी उचललं आणि ढिगावर नेलं. त्या परत आल्या, त्यांना परत नेलं. अंग स्वच्छ होईपर्यंत हेच चाललं. मेलेली मुंगी काही सांगत नाही, सांगायला तिथे कोणी उरलेलंच नसतं. तरी निरोप पोचतो आणि पाळलाही जातो. वहीवरच्या नावातला 'बोलतं' हा शब्द आज पहिल्यांदा खटकला.

९ जून

मेज २, पतंग. मजकूर अर्ध्या दिवसात झाला. 'फेरोमोन', म्हणजे आपल्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याला निरोप देणारं रसायन, हा शब्द १९५९ साली मांडला गेला आणि त्याच वर्षी आडोल्फ बुटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या मादीचा गंध, बॉम्बिकॉल, वेगळा करून त्याची ओळख पटवली. वीसेक वर्षांचं काम आणि सुमारे ५ लाख पतंग. हाती आले ते मोजके मिलिग्रॅम. नराच्या स्पर्शिकेवरची एक गंधपेशी जागी व्हायला बॉम्बिकॉलचा एक रेणू पुरतो.

मादीच्या शरीरात एक लहानशी ग्रंथी, तर नराच्या डोक्यावर पिसासारख्या दोन रुंद स्पर्शिका, त्यांवर हजारो केस. सगळी गुंतागुंत घेण्याच्या बाजूला आहे. मेजावर स्पर्शिकेची हातभर लांबीची प्रतिकृती ठेवायची, मादीची नाही.

१३ जून

मेज ३, मधमाश्या. या कामासाठी मी सगळ्यात जास्त वाट बघत होते.

कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२० च्या दशकात पोळ्यातले दोन नाच नोंदवले आणि त्यांचा अर्थ लावला: गोल नाच मकरंदासाठी, थरथरता नाच परागांसाठी. अर्थ चुकीचा होता. १९४० च्या दशकात त्यांनी स्वतःच तो दुरुस्त केला. गोल नाच जवळच्या फुलांसाठी असतो आणि थरथरत्या नाचात दिशा आणि अंतर असतं. १९७३ साली कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. फलकावर मी चूक आधी आणि नोबेल नंतर घेणार आहे. वीस वर्षं छापून गेलेलं आपलं म्हणणं आपणच मोडून काढायचं, ही मुलांनी वाचावी अशी गोष्ट आहे.

नाच असा वाचायचा. पोळं उभं असतं, म्हणून 'सरळ वर' याचा अर्थ 'सूर्याच्या दिशेला'. माशी उभ्या रेषेच्या उजवीकडे ४० अंशांत थरथरत धावली, तर पोळ्यातून निघून सूर्याच्या उजवीकडे ४० अंशांत उडायचं. धाव एक सेकंदाची असेल तर अंतर ढोबळमानाने किलोमीटरभर. धावताना ती अंग सेकंदाला १३ ते १५ वेळा डावीउजवीकडे हलवते, मग वळसा घालून परत सुरुवातीला येते आणि पुन्हा धावते.

पुस्तकातल्या चित्रांत हा नाच भर उजेडात, समोरून बघितल्यासारखा काढलेला असतो. पोळ्यात अंधार असतो. मागे लागलेल्या माश्या नाच बघत नाहीत. स्पर्शिका नाचणारीच्या अंगाला लावून त्या नाच अंगावर घेतात. म्हणून मेजावर चित्र नको, बंद पेटी हवी. सहकाऱ्याने काळी पेटी केली आहे, हात घालायला दोन भोकं, आत उभी फळी, फळीवर तळहाताएवढी लाकडी माशी. मोबाइलमध्ये असते तशी थरथरणारी छोटी मोटार तिच्या पोटात आहे आणि ती ठरवलेल्या कोनात धावते. बाहेर कोनमापक. हाताला लागलेला कोन बाहेर काटा फिरवून दाखवायचा.

त्याने स्वतः हात घातला, डोळे मिटले आणि दुसऱ्या धावेला कोन बरोबर सांगितला. मला सहा धावा लागल्या. मी दर वेळी माशी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होते. तो सोडून नुसतं बोटांवर लक्ष दिलं तेव्हा जमलं.

२००५ सालच्या रडारच्या प्रयोगाचं छोटं चित्रही घेणार. नाच घेतलेल्या माश्यांना पोळ्यापासून दूर दुसऱ्याच जागी नेऊन सोडलं, तर त्या तिथूनच सांगितलेल्या दिशेने, सांगितलेल्या अंतराइतक्या उडाल्या. निरोप त्यांच्यापर्यंत पोचला होता, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आणि २०२३ सालचा प्रयोग फलकाच्या मधोमध हवा. ज्या वसाहतीत अनुभवी नाचणाऱ्या माश्याच नव्हत्या, तिथल्या तरुण माश्यांना दुसरीचा नाच घ्यायची संधीच मिळाली नाही. त्या नाचल्या, पण नाच विस्कळीत, कोन आणि अंतर चुकलेलं. सरावाने दिशा सुधारली. अंतर मात्र आयुष्यभर चुकीचंच राहिलं. सांगता येण्याआधी घेता यावं लागतं, आणि ते वेळेत.

१८ जून

मेज ४, झाडं. पाच दिवस यातच गेले. इतकं कुठल्याच मेजाचं वाचन झालेलं नाही आणि इतकं खोडलेलंही नाही.

१९८३ साली दोन स्वतंत्र कामांनी सुचवलं की कीड लागलेल्या किंवा पानं फाडलेल्या झाडाशेजारची धडधाकट झाडं स्वतःच्या पानांत बचावाची रसायनं वाढवतात. एक काम विलो झाडांवरचं, दुसरं पॉप्लर आणि मेपलच्या रोपांवरचं. वर्तमानपत्रांनी 'बोलणारी झाडं' उचलून धरली आणि शास्त्रज्ञांनी प्रयोगांतल्या त्रुटी दाखवल्या. रोपांचे नमुने एकमेकांपासून खरे स्वतंत्र नव्हते, ही त्यातली मोठी. टीका रास्त होती, पण तिच्यामुळे विषयच कित्येक वर्षं बाजूला पडला, याचं मला वाईट वाटतं.

तो परत आणला काळजीपूर्वक केलेल्या कामांनी. २००० साली रिचर्ड कार्बन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पानं कापलेल्या सेजब्रश झुडपाशेजारच्या रानतंबाखूचं किड्यांकडून कमी नुकसान होतं. पुढे सेजब्रशवरच्याच कामात कारण उमगलं. या झुडपाच्या फांद्या आतून एकमेकींशी नीट जोडलेल्या नसतात. एका फांदीला लागलेली झळ दुसरीला आतून कळत नाही, हवेतून येणाऱ्या वासाने कळते. दोन्हींमधली हवा अडवली की परिणाम जातो.

हे वाचून मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. म्हणजे तो वास शेजाऱ्यासाठी नसेलही. झुडूप स्वतःशीच, आपल्याच दुसऱ्या फांदीशी बोलत असेल आणि शेजारी ते कान देऊन घेत असेल. मग संकेत की सुगावा? फांदीसाठी संकेत, शेजाऱ्यासाठी सुगावा. एकच वास, पण उत्तर कोण घेतं त्यावर ठरतं.

मक्याचं उदाहरण आणखी पुढे जातं. १९९० साली टर्लिंग्ज, टम्लिन्सन आणि लुईस यांनी दाखवलं की अळी पान कुरतडते तेव्हा मक्याचं रोप हवेत विशिष्ट रसायनं सोडतं आणि त्या वासावर लहान गांधीलमाश्या येतात. त्या अळीच्या अंगात अंडी घालतात आणि अळी मरते. नुसतं पान कापून हे तितकंसं होत नाही. कापलेल्या जागी अळीच्या तोंडातला स्राव लावला की होतं. त्या स्रावातलं व्होलिसिटिन हे द्रव्य १९९७ साली सापडलं. म्हणजे आधी रोप अळीची लाळ ओळखतं, मग गांधीलमाशी रोपाचा वास ओळखते. ही साखळी मेजावर तीन फिरत्या चकत्यांनी दाखवायची.

अमरवेलही घेतली. तिला मुळं धरून बसता येत नाही, उगवल्यावर थोड्या दिवसांत आधार मिळाला नाही तर ती मरते. २००६ साली दिसलं की अमरवेलीच्या एका जातीची कोवळी वेल टोमॅटोच्या वासाकडे वाढत जाते आणि टोमॅटो व गहू दोन्ही समोर असतील तर टोमॅटोकडे वळते. टोमॅटोचा यात तोटाच आहे. हा स्वच्छ सुगावा.

आता खोडलेलं. मेजाच्या मधोमध 'जंगलाखालचं जाळं' म्हणून बुरशीच्या धाग्यांचं मोठं चित्र काढायचं ठरलं होतं. १९९७ साली सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी जंगलात दोन जातींच्या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण मोजली, ते काम पक्कं आहे. २०१३ साली कुंडीतल्या वालवर्गीय रोपांत, बुरशीने जोडलेल्या शेजाऱ्याला माव्याची चाहूल लागते, हेही दिसलं. पण 'मोठी झाडं आपल्या पिल्लांना ओळखून जाळ्यातून धोक्याचे निरोप पाठवतात' हे वाक्य मी आधीच्या मसुद्यात लिहिलं होतं आणि २०२३ साली तिघा संशोधकांनी घेतलेला आढावा सांगतो की प्रत्यक्ष जंगलात याला पुरावा मिळालेला नाही. वाक्य काढलं. चित्रही काढलं. मला ते फार आवडलं होतं. पण आवडतं म्हणून मुलांसमोर ठेवायचं, हे मला मान्य नाही. त्याजागी कुंडीतला प्रयोग, जसा झाला तसा.

२२ जून

मेज ५, झाडाच्या आत. लाजाळूची कुंडी खोलीत आणून ठेवली आहे. एका पानाच्या टोकाची दोन पर्णकं चिमट्याने हलकेच दाबली. जोड्या मिटत देठाकडे सरकत गेल्या, एकेक, घाई न करता. मग क्षणभर काहीच नाही आणि अचानक सगळं पान देठापासून खाली झुकलं. दहा-पंधरा मिनिटांनी सगळं पूर्ववत. घड्याळ लावून पाचदा केलं, नंतर तिला विश्रांती दिली.

जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूवर मोजमापं केली आणि वनस्पतीत विजेचे संदेश वाहतात हे अत्यंत नाजूक यंत्रं स्वतः घडवून दाखवलं. १९१७ साली कोलकात्यात त्यांनी संस्था उभी केली. त्यांचे काही निष्कर्ष त्या काळी फार पुढे गेलेले वाटले, पण झाडाच्या आतला संदेश मोजण्याची वस्तू आहे ही त्यांची ठाम भूमिका आज रोजच्या कामाचा भाग आहे. त्यांच्यासाठी फलकावर पुरेशी जागा ठेवली.

त्यांच्यासोबत २०१८ सालचं काम: प्रयोगशाळेतल्या अ‍ॅराबिडोप्सिस रोपाचं पान अळीने कुरतडलं की जखमेतून ग्लुटामेट बाहेर पडतं आणि कॅल्शियमची लाट सेकंदाला मिलिमीटरभर वेगाने लांबच्या पानांपर्यंत जाते. रोप असं तयार केलं होतं की कॅल्शियम वाढेल तिथे ते सूक्ष्मदर्शकाखाली उजळतं. ग्लुटामेट आपल्या मेंदूतही निरोप्याचं काम करतं. फलकावर लगेच पुढचं वाक्य: झाडाला मेंदू नाही. एकच द्रव्य दोन ठिकाणी कामाला येतं, एवढंच.

दुपारी आवाजाचा प्रयत्न केला. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली मांडलं की तहानलेली टोमॅटो आणि तंबाखूची रोपं ४० ते ८० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात टक-टक असे आवाज करतात, तासाला ३० ते ५०. नीट पाणी मिळालेल्या रोपाचा तासाला सरासरी एकाहूनही कमी. पाण्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटत असावेत. टोमॅटोच्या रोपाला पाच दिवस पाणी न घालता मोबाइल जवळ ठेवून तासभर ध्वनिमुद्रण केलं. काही मिळालं नाही आणि मिळणारही नव्हतं. मोबाइल आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेतो आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचेच कंप पकडता येतात, म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या वरचं त्याच्यासाठी नाहीच. वटवाघळांसाठी वापरतात तसा मायक्रोफोन लागेल. तो परवडेपर्यंत मेजावर आवाज नाही, फक्त सारणी. रोपाला पाणी घातलं, रात्री पानं वर आली.

२६ जून

मेज ६, बेडूक. मध्य अमेरिकेतला तुंगारा बेडूक. नराची साधी हाक लांब, ओढलेली. तिला शेवटी 'चक' असा तुकडा जोडला तर माद्यांना ती हाक जास्त आवडते. बेडूक खाणाऱ्या वटवाघळालाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पनामात मायकेल रायन आणि मर्लिन टटल यांनी हे दाखवलं. नर एकटा असेल तर बहुतेकदा चक जोडत नाही. स्पर्धा वाढली की जोडतो.

वटवाघूळ डोक्यावर आलं की बेडूक गप्प होतो. पण ओरडताना फुगवलेल्या अंगाने पाण्यावर उठलेले तरंग आणखी काही क्षण पसरत राहतात आणि वटवाघूळ तेही वाचतं. हे २०१४ साली कळलं.

मेजावर पाण्याचं ताट, खाली छोटी मोटार. बटण सोडलं की आवाज थांबतो, तरंग राहतात. हे लगेच जमलं.

३० जून

मेज ७, माकडं. केनियातल्या अंबोसेलीत रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी व्हर्वेट माकडांच्या हाका ध्वनिमुद्रित करून परत ऐकवल्या; काम १९८० साली प्रसिद्ध झालं. बिबट्याची हाक ऐकवली तर माकडं झाडावर पळतात, गरुडाची ऐकवली तर वर बघतात आणि झुडपात शिरतात, सापाची ऐकवली तर मागच्या पायांवर उभी राहून गवतात बघतात. खरा बिबट्या, गरुड, साप कोणीच नसताना. पिल्लं चुकतात. गरुडाची हाक ती निरुपद्रवी पक्ष्यालाही देतात, कधी गळणाऱ्या पानालाही.

याच्या शेजारी २०१९ सालचं सेनेगलमधलं काम ठेवलं. तिथल्या हिरव्या माकडांवरून ड्रोन उडवला. त्यांनी ड्रोनसाठी जी हाक दिली ती पूर्व आफ्रिकेतल्या व्हर्वेटच्या गरुडाच्या हाकेसारखी निघाली, जरी दोन्ही जाती लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या आहेत. नंतर ड्रोनचा नुसता आवाज ऐकवला, तर माकडं आकाश धुंडाळू लागली. एखाद-दोन वेळच्या अनुभवावर. हाका जवळपास ठरलेल्या, नवी हाक बनवणं कठीण. पण नव्या आवाजाचा अर्थ लावणं झटपट.

संध्याकाळी हान्स घोड्याची गोष्ट लिहिली. बर्लिनमधला हा घोडा टाप आपटून बेरजा करायचा. ऑस्कर प्फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोड्याचं चुकतं. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं किंचित, त्याच्याही नकळत, हलायचं आणि घोडा थांबायचा. प्फुंग्स्ट यांना कारण कळल्यावरही स्वतःची ती हालचाल थांबवता येत नव्हती. ही गोष्ट नेहमी 'घोड्याला गणित येत नव्हतं' इथे संपवतात. मला ते अन्यायाचं वाटतं. माणसांना स्वतःला जाणवत नव्हतं ते तो वाचत होता.

४ जुलै

आठही फलकांचा पहिला पुरा मसुदा सहकाऱ्याला वाचायला दिला. दुपारी कागद परत आला. मजकूर बदललेला नव्हता, पण एका शब्दाभोवती दर वेळी पेन्सिलीचं वर्तुळ होतं: 'ऐकणारा'. सत्तावीस वर्तुळं. खाली लिहिलं होतं, 'ताई, मुंगी ऐकते का? मधमाशी अंधारात हात लावून घेते, अमरवेल वासाने घेते. त्यांना सगळ्यांना ऐकणारं म्हटलं आहे. मग मी कुठल्या मेजावर?'

मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. पहिल्याच दिवशी, संकेत आणि सुगावा वेगळे करताना, हा शब्द न विचार करता लिहिला होता. त्याला 'चूक झाली' अशी खूण केली. तो म्हणाला, चूक नाही, सवय आहे. मग आम्ही दोघांनी मिळून शब्द शोधला. 'ग्राहक' नको, 'प्राप्तकर्ता' नको. शेवटी राहिला तो साधा: घेणारा. सत्तावीस जागी बदलला.

मेज ८, माणसं, आता पूर्णपणे त्याच्या म्हणण्यावर बेतलं आहे. तो सांगतो, खुणांच्या भाषेत समोरच्याने बघितल्याशिवाय पहिला शब्दच सुरू होत नाही. खांद्याला हात लावायचा, मेजावर थाप मारायची म्हणजे लाकडातून ती जाणवते, दिवा चालू-बंद करायचा. घेणारा तयार झाला की मग बोलायचं. आवाजाच्या भाषेत आम्ही पाठ वळवलेल्या माणसालाही बोलत राहतो. भुवया आणि चेहरा नुसत्या भावनेसाठी नसतात, त्यांत व्याकरण असतं. भुवई उंचावली की वाक्याचा प्रश्न होतो. मी इतके दिवस त्याच्या हातांकडे बघत होते. त्याने हसून स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं.

फलकावर निकाराग्वा घेतलं. १९७७ नंतर तिथल्या राजधानीत, मानाग्वात, बहिऱ्या मुलांच्या शाळा सुरू झाल्या. शिकवलं जात होतं ते ओठ वाचणं आणि स्पॅनिश; ते फारसं जमलं नाही. पण घरोघरच्या तोडक्या खुणा घेऊन आलेली मुलं एकत्र आली आणि त्यांच्यात नवी भाषा उभी राहिली. अ‍ॅन सेंगास आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एक बारीक गोष्ट मांडली. 'घरंगळत खाली गेला' हे पहिल्या पिढीची मुलं एकाच सलग हालचालीत दाखवायची, जशी ती डोळ्यांना दिसते. नंतर आलेल्या लहान मुलांनी तीच हालचाल तोडली: आधी 'घरंगळणं', मग 'खाली'. मोठ्यांकडून त्यांना तुकडे मिळाले नव्हते. घेता घेता त्यांनीच तुकडे पाडले.

आवाजाच्या भाषांबद्दल एकच आकडा. २००९ साली दहा भाषांतल्या गप्पा मोजल्या गेल्या. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी ०.२ सेकंदांचं अंतर. चित्र बघून त्याचं नाव उच्चारायला माणसाला सुमारे ०.६ सेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच, तो कुठे थांबणार याचा अंदाज बांधून आपण आपलं वाक्य जुळवत असतो.

प्रदर्शनाचं नाव बदललं: 'कोण काय घेतं?' जुनं नाव वहीच्या पहिल्या पानावर तसंच राहू दिलं आहे.

९ जुलै

मेज ८ वर एक जागा शिल्लक होती, तिथे हनीगाइड पक्षी. आफ्रिकेतला हा रानपक्षी, पाळलेला नाही, शिकवलेला नाही. मधाच्या पोळ्यापर्यंत माणसाला वाट दाखवतो. माणूस पोळं फोडून मध नेतो, मेण पक्ष्याला मिळतं. मोझांबिकमधल्या नियासा अभयारण्यात याओ लोक त्याला 'ब्र्‌र्‌र्‌-हम्' अशी हाक देतात. क्लेअर स्पॉटिसवुड आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली मोजलं: ही हाक दिली तर पक्षी वाट दाखवायला येण्याची शक्यता ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर जाते. टांझानियातले हाड्झा लोक वेगळी शीळ घालतात आणि २०२३ च्या कामात दिसलं की पक्षी आपापल्या भागातल्या माणसांच्या हाकेला जास्त दाद देतात.

इथे संकेत दोन्हीकडून आहे. दोन्हीकडचे घेणारेही शिकलेले आहेत. या मेजावर 'संकेत की सुगावा' हा प्रश्न ठेवला नाही.

१४ जुलै

नऊ ते बारा वर्षांच्या अकरा मुलांसोबत पहिली चाचणी.

मेज १ वर डोळे बांधलेली मुलं नाकाने ठिपक्यांचा माग छान काढत होती. खंडापाशी सगळी थांबली. मग कोणी न सांगता डोकं डावीउजवीकडे नेत पुढे सरकली, खिडकीवरच्या त्या मुंगीसारखीच नागमोडी. खंड दोन बोटांचा चालेल, चार बोटांचा फार होतो.

मेज ३ ची पेटी सगळ्यात गाजली. दोघांनी पहिल्याच धावेला कोन सांगितला. एका मुलीने विचारलं, 'ढग असतील तर सूर्य कसा कळतो?' फलकावर याचं उत्तर नव्हतं. आकाशाचा छोटा निळा तुकडा दिसला तरी तिथल्या ध्रुवित, म्हणजे ठरावीक दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशावरून माशीला सूर्याची जागा कळते, हेही फॉन फ्रिश यांनीच दाखवलं. ते वाक्य जोडायचं.

मेज ४ च्या चकत्या मुलांना कळल्या नाहीत. अळी, रोप, गांधीलमाशी यांच्या चित्रांऐवजी 'कोण काय सोडतं' आणि 'कोण ते घेतं' असे दोन रंग हवेत. परत करायच्या.

मेज ५ च्या लाजाळूला अकरा जणांनी हात लावला; शेवटच्या मुलापर्यंत ती नीट मिटेनाशी झाली. चार कुंड्या लागतील, आलटून पालटून.

शेवटी मेज ८. मोटारीबद्दल विचारायला एक मुलगा सहकाऱ्यापाशी गेला आणि मागून 'दादा, दादा' करत राहिला. सहकारी खाली वाकून तारा लावत होता. ज्या मुलीने ढगांचं विचारलं होतं ती आली, मेजावर तळहात आपटला, त्याने मान वर करेपर्यंत थांबली, आणि मग भुवया उंचावून पेटीकडे बोट केलं. त्याने पेटीचं झाकण उघडलं आणि तिला मोटार दाखवली.

उरलेलं काम: चकत्या, कुंड्या, ढगांचं वाक्य. पेटीचं झाकण उजव्या बाजूला घट्ट बसतं, ते घासून घ्यायचं.